आंघोळीच्या श्लोकात कृष्णा का नाही?

घाटपायरी (वाई)

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति ।
नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥

पहिला तांब्या अंगावर घेताना हे म्हणणारं एखादं माणूस आपल्या बहुतेकांच्या घरात होतं, काहींच्या अजून आहे. आता यात कृष्णा शोधा. सापडत नाही. गोदावरी आहे आणि तिच्या खाली दक्षिणेत एकदम कावेरी. मधली जवळजवळ १४०० किलोमीटरची नदी गायब.

मंगलाष्टकात तरी असेल म्हणावं, तर तिथंही तेच. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’पासून सुरू होऊन शरयू होते, चर्मण्वती होते, क्षिप्रा, वेत्रवती, गंडकी, पूर्णा सगळ्या होतात. कृष्णा नाही. घाटाला लागून असलेल्या कार्यालयात लग्न लागतं, कुठकुठल्या नद्यांना आवतण जातं आणि खिडकीतून दिसणारी नदी यादीतच नाही!

२०२५ ला प्रयागराजला आमच्याकडून गाड्या भरभरून गेल्या. आता नाशिकचा सिंहस्थ आलाच. जाणाऱ्यांनी जावं, माझी काही तक्रार नाही. पण २०२८ ला गुरू कन्या राशीत येतोय, म्हणजे कृष्णेचा कन्यागत पर्वकाळ, आणि त्याचं नाव काढलं तर ‘ते काय असतं?’ असं इथलीच पोरं विचारतात.

माझं म्हणणं एवढंच की श्लोकात जागा मिळाली नाही म्हणून कृष्णेचं काही अडलेलं नाही. तिचं स्वतःचं पंचांग आहे, प्रत्येक गावात वेगळं. ज्याला आपल्या गावचं ठाऊक आहे त्यानं लिहावं. घाटाचे सूर्यास्ताचे फोटो नकोत, ते भरपूर झालेत.

दशग्रंथी_नव्हे (सातारा)

धागा आवडला. थोडं शास्त्राकडून.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नदीसूक्त (१०.७५) काढून बघा. गंगा, यमुना, सरस्वती, शुतुद्री, परुष्णी अशी नावं आहेत. नर्मदा नाही, गोदावरी नाही, कावेरीही नाही. जी माणसं जिथं राहत होती तिथल्या नद्या त्यांनी म्हटल्या. पुढं वस्ती आणि ओळख दक्षिणेकडं सरकली तशी यादीही सरकली. आंघोळीचा श्लोक त्या मानाने पुष्कळ नंतरचा. अनुष्टुभात अक्षरं बत्तीस, त्यात देशभरच्या नद्या कोंबायच्या तर कुणीतरी बाहेर राहणारच.

भागवताच्या पाचव्या स्कंधात भारतवर्षातल्या नद्यांची लांबलचक यादी आहे. तिथं तुंगभद्रा, कृष्णावेण्या, भीमरथी, गोदावरी अशी आपली मंडळी ओळीनं उभी आहेत. आणि पूजेचा संकल्प विसरलात का? आपल्याकडचे गुरुजी देशकाल उच्चारताना ‘कृष्णावेण्योः उत्तरे तीरे’ म्हणतात ना? सत्यनारायण असो की वास्तुशांत, माणूस बसलाय कुठं ते कृष्णेवरून सांगायचं. ज्या नदीवरून आपला पत्ता सांगतात, तिला वर आणखी बोलावणं कशाला धाडायचं?

क्षेत्र महाबळेश्वरची कथा नव्या पिढीला माहीत नसते म्हणून थोडक्यात. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाचा यज्ञ. सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला पत्नीच्या जागी बसवलं. सावित्री आली, बघितलं, आणि सगळ्यांना शाप दिला: व्हा नद्या. विष्णू झाला कृष्णा, शंकर झाला वेण्णा, ब्रह्मदेव झाला ककुद्मती म्हणजे आपली कोयना. आणि सावित्री स्वतः? ती तोंड फिरवून पश्चिमेला निघून गेली. नकाशा बघा, कृष्णा, वेण्णा, कोयना तिघी शेवटी पूर्वेकडच्या, आणि सावित्री कोकणात उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. ज्यानं कुणी ही कथा रचली त्याला पाणलोटाची रेघ नक्की कुठून जाते ते ठाऊक होतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

पंचगंगा मंदिरात पाच नद्यांच्या धारा आहेत, शिवाय भागीरथी आणि सरस्वती. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा. बारा वर्षं का, ते कन्यागतात येईलच.

गंगापुरीची_सून (वाई)

घाटपायरी भाऊ, पोरांना कन्यागत माहीत नसेल पण कृष्णाबाईचा उत्सव माहीत नाही असं पोर वाईत दाखवा!

बाहेरच्यांसाठी सांगते. वाईत सात घाटांवर पाळीपाळीनं उत्सव होतो. आमची गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी... प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी. थंडी सरत आली की सुरू होतं. एका घाटाचे दिवस संपले की दुसऱ्याचे. घाटावर मांडव, कृष्णाबाईची मूर्ती, तिला नेसवणं-सजवणं, सकाळी पूजा, संध्याकाळी कीर्तन, गाणं, आणि प्रसादाच्या पंगती. ओटी भरायला अख्खं गाव येतं, मग जात कुठली नि आळी कुठली. माहेरवाशिणी पुण्या-मुंबईहून दिवाळीला नाही आल्या तरी चालतं, ह्याला येतात.

कशापासून सुरू झाला ते सांगतात असं: १६५९ ला अफझलखान वाईला तळ देऊन बसला तेव्हा शिवाजी महाराजांवरचं संकट टळावं म्हणून इथल्या शास्त्र्यांनी कृष्णेला नवस बोलला. संकट टळलं, नवस फेडायला उत्सव. म्हणजे हा नवस मोक्षासाठी नाही की पाप धुण्यासाठी नाही, राज्यासाठी आहे. कुठल्या दुसऱ्या नदीला असा नवस ऐकलाय का कुणी?

अवांतर: ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू बघितली आहे का कधी लक्ष देऊन? १७६२ ला पेशव्यांचे सरदार रास्त्यांनी बांधलं. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती, पुराचं पाणी आपटलं की दोन्ही अंगांनी कापून जावं म्हणून. लोक पुढून दर्शन घेतात नि जातात.

येरळाकाठ (पलूस)

वाईकरांचं झालं असंल तर आमचंबी ऐका की.

कृष्णा सातारा जिल्हा सोडून आमच्यात आली की देव बदलत्यात. वाळवा तालुक्यात बहे म्हणून गाव हाय. नदीच्या मधोमध बेट, त्यावर रामलिंग. राम पूजेला बसला आणि नदीला लोंढा आला, तवा मारुतीनं दोन्ही हात पसरून पाणी दोन बाजूला सारलं, असं सांगत्यात. नदी खरंच तिथं दोन धारांनी वाहती. समर्थांच्या अकरा मारुतीतला एक तिथलाच. उन्हाळ्यात जावा, पावसाळ्यात बेटावर जायचं धाडस करू नका.

मग औदुंबर. दत्तावतारी नरसिंह सरस्वतींनी चातुर्मास केला ते ठिकाण. इथल्या त्या विमल पादुका, नरसोबाच्या वाडीच्या मनोहर आणि गाणगापूरच्या निर्गुण. पलीकडच्या काठाला भुवनेश्वरी. दत्ताचं दर्शन घेऊन तिकडं गेल्याशिवाय आमच्यात कुणी माघारी फिरत न्हाई.

आणि ब्रह्मनाळ. येरळा कृष्णेला मिळती तिथं. आनंदमूर्तींची समाधी हाय, रामदास पंचायतनातले, म्हंजे समर्थ धरून जे पाच संत मानत्यात त्यातले. आता ब्रह्मनाळ म्हटलं की लोकांना २०१९ च्या पुरात उलटलेली बोटच आठवती. त्यावर मी काय लिहीत न्हाई.

नळाचं_पाणी (सांगली)

सगळं छान. पण एक सांगा, यातलं किती जण आज कृष्णेत बुडी मारायला तयार आहेत? सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी नदीला मिळतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. वर्षानुवर्षं योजना ऐकतोय. उन्हाळ्यात प्रवाह कमी झाला की अंकलीच्या बाजूला मेलेल्या माशांच्या बातम्या येतात. त्याच नदीत दसव्याचे विधी, त्याच नदीत निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि तिचंच पाणी पुढच्या गावच्या नळाला.

पुण्य वगैरे ज्याचं त्याच्यापाशी. मला विचाराल तर श्लोकात नाव नाही हे कृष्णेचं नशीब. ज्यांची नावं आहेत त्या यमुनेचं दिल्लीत काय झालंय ते फेसासकट टीव्हीवर दिसतं.

दशग्रंथी_नव्हे (सातारा)

@नळाचं_पाणी, तुमचा मुद्दा शास्त्राबाहेरचा नाही हो. नदीत थुंकू नये, मलमूत्र करू नये, तिथं कपडे धुऊ नयेत हे धर्मशास्त्रातले नियमच आहेत. आपण त्यातला स्नानाचा भाग ठेवला आणि वर्ज्यांचा सोडून दिला.

दुसरी गंमत. सूर्य कर्क राशीत गेला की नद्या रजस्वला मानतात, म्हणजे ऐन पावसाळ्यात गढूळ नव्या पाण्यात स्नान करायचं नाही. मोठ्या नद्यांना तीनच दिवस. पण काठावर राहणाऱ्यांना हा दोष नाही! ज्यांना दुसरं पाणीच नाही त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवली. नियम करणारे नदीकाठचेच असणार.

नळाचं_पाणी (सांगली)

म्हणजे काठावरच्यांनी गढूळ प्यावं, बाकीच्यांनी थांबावं. आजही तेच चाललंय. :)

वाडीचा_पेढा (कुरुंदवाड)

सांगली-साताऱ्याच्या हद्दीबाहेरचा आहे, पण कृष्णा इथंच येते तर येऊ द्या मला.

वरचा रजस्वलेचा नियम वाचला आणि हसू आलं, कारण आमचा सगळ्यात मोठा सोहळाच भर पुरातला. नरसोबाच्या वाडीत कृष्णा-पंचगंगेचा संगम. पाणी चढायला लागलं की गावाचं लक्ष घाटाच्या पायऱ्यांवर. पाणी उत्तरेच्या दारानं देवळात शिरतं, मनोहर पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या दारातून येणाऱ्या पाण्यात स्नान करायला सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगावहून माणसं रात्री-अपरात्री निघतात. तारीख कुणाच्या हातात नाही. पाऊस कोयनेत किती, राधानगरीत किती, धरणातून सोडलं किती, त्यावर. कधी एका पावसाळ्यात अनेकदा होतो, कधी वाट बघायला लावतो. पाणी आणखी चढलं तर उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात हलवतात आणि पूजाअर्चा तिथं चालू राहते.

मला ह्यातलं आवडतं ते हे की इथं भक्त नदीकडं जात नाही, नदीच देवाच्या पाया पडायला येते. उंचावर बांधता आलं नसतं का देऊळ? आलं असतं.

कन्यागताबद्दल. गुरू कन्येत असेल तेव्हा भागीरथी कृष्णेच्या भेटीला येते, असं गुरुचरित्राच्या १५ व्या अध्यायात आलंय. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पर्व लागलं तेव्हा वाडीहून श्रींची पालखी शुक्लतीर्थाला स्नानाला गेली होती. आंध्र-तेलंगणात ह्यालाच कृष्णा पुष्करम् म्हणतात. त्यांचा मुख्य भाग १२ दिवसांचा, १२ ते २३ ऑगस्ट २०१६ असा झाला, विजयवाड्याला तुफान गर्दी. आपल्याकडं गुरू त्या राशीत असेपर्यंत पर्व धरतात. घाई नाही.

कॅल्क्युलेटर (मिरज)

बारा वर्षांचं गणित: गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत ढोबळ वर्षभर, आणि बारा राशींना बारा नद्या वाटून दिल्यात. मेष गंगा, वृषभ नर्मदा, मिथुन सरस्वती, कर्क यमुना, सिंह गोदावरी, कन्या कृष्णा, तूळ कावेरी... पुढं मकरेला तुंगभद्रा, कुंभेला सिंधू. बघा, या यादीत कृष्णा आहे आणि श्लोकातल्या सातही आहेत. धागाकर्त्यांनी चुकीच्या यादीत शोधलं. :) दरवर्षी भारतात कुठल्या ना कुठल्या नदीचं पर्व चालू असतंच, आपल्याला कुंभाचं तेवढं कळतं कारण ते टीव्हीवर येतं.

इरविनवरून (सांगली)

सांगलीतलं तीर्थ सांगू? इरविन पूल. १९२९ चा. पाणी चढायला लागलं की आख्खी सांगली पुलावर. कुणी भेळ खातंय, कुणी खांबावरचे आकडे वाचतंय, ‘किती झालं?’ हा एकच प्रश्न. ४५ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा पुलावर कुणी भेळ खात नव्हतं.

आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. उतरल्यावर चिखल, कुजलेलं धान्य, फुगलेली दारं. आईनं घर धुवायच्या आधी काय केलं असेल? साडी, खण, नारळ घेऊन घाटावर गेली आणि नदीची ओटी भरून आली. मी चिडलो. इतकं नुकसान केलं तिनं, आणि तिलाच साडी? आई म्हणाली, ‘रागावून आलेल्या बाईला तसंच परत पाठवतात का?’

मी अजूनही त्यावर पटेलसं उत्तर दिलेलं नाही. पूररेषेत घरं बांधली आपण, धरणं भरली आपण, पाणी कधी सोडायचं ते ठरवलं माणसांनी, आणि रागावली नदी. पण त्या दिवशी घाटावर आई एकटी नव्हती. रांग होती बायकांची, त्यातल्या कित्येकींच्या घरात नेसायला कोरडी साडी उरली नव्हती.

गंगापुरीची_सून (वाई)

@इरविनवरून, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कोयनेकाठी (कराड)

प्रीतिसंगमाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून राहवेना. दोन नद्या एकमेकींना कोनात मिळतात, सगळीकडं तसंच. कराडात कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना तिच्या समोरून, अगदी तोंडावर तोंड. मग दोघी वळून पूर्वेला. काठावर कृष्णामाईचं देऊळ आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी. संध्याकाळी निम्मं कराड तिथं.

पण मूळ मुद्दा वेगळा. वर कथेत ब्रह्मदेवाची कोयना झाली ना? तिचं ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यानुसार वीज करून पश्चिमेला सोडता येतं. ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात. पूर्वेला जायचा शाप होता, आपण बोगदा मारून तो निम्माशिम्मा फिरवला. शास्त्रीबुवा, याला प्रायश्चित्त काय?

दशग्रंथी_नव्हे (सातारा)

लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी अंधार काढलाय ते सांगतील, प्रायश्चित्त लागत नाही. :)

बाकी संगमांत आमची माहुली राहिली. कृष्णा-वेण्णा संगम, एका काठाला संगम माहुली, दुसऱ्याला क्षेत्र माहुली. विश्वेश्वर, रामेश्वर ही देवळं बघायला परदेशातून लोक येतात, सातारकर तिथं दहाव्यालाच जातात. शाहू महाराजांची (निधन १७४९) समाधी तिथं, आणि रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. ‘दक्षिणकाशी’ म्हणवणारी गावं महाराष्ट्रात पायलीला पन्नास, पण मरणानंतरचा हिशेब सातारकर अजून माहुलीलाच चुकता करतात.

माणदेशी (दहिवडी)

तुम्ही सगळे काठावरचे. आमच्या माणदेशात नदी नावालाच. मग आम्ही काय करतो? पाणी खांद्यावर आणतो.

शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाची यात्रा. गावोगावच्या कावडी येतात, मानाची सासवडची, भुतोजी तेल्यांची. द्वादशीला मुंगी घाटाचा तो उभा कडा माणसांची साखळी करून चढवतात. खाली बघितलं तर डोळे फिरतात. त्या पाण्यानं महादेवाला अभिषेक. चैत्राच्या उन्हात, टँकरच्या दिवसांत, सांडलेला एकेक थेंब लोक कपाळाला लावतात. मालोजीराजांनी डोंगरावर तलाव बांधला तो काय उगाच?

आणि आषाढीला माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा दत्त घाटावर पादुकांना नीरास्नान. ज्ञानोबारायांच्या पादुकांनाही जिल्ह्यात शिरताना नदीला विचारूनच यावं लागतं, म्हणा. नीरा पुढं भीमेला, भीमा म्हणजे चंद्रभागा, आणि ती कर्नाटकात कृष्णेला. पंढरपुरात बुडी मारली तरी पाणी शेवटी कृष्णेचंच. काठावरच्यांनी आता खूश व्हायला हरकत नाही.

नळाचं_पाणी (सांगली)

@माणदेशी, कपाळाला थेंब लावणारी माणसं आणि निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावणारी माणसं एकाच जिल्ह्याची असावीत याचं मला कोडं आहे. टंचाई असली की तीर्थ, मुबलक असलं की गटार?

२०२८ ला कन्यागताची गर्दी येईल तेव्हा वाईपासून वाडीपर्यंत प्रत्येक घाटावर निर्माल्याचे कलश आणि वरून येणारे नाले अडवलेले, एवढं झालं तर मी स्वतः बुडी मारीन. लिहून देतो.

घाटपायरी (वाई)

@नळाचं_पाणी, धाग्याचा दुवा जपून ठेवलाय. २०२८ ला काढणार.

@कॅल्क्युलेटर, राशींची यादी मान्य, पण ती कोण म्हणतं रोज आंघोळीला? माझा प्रश्न मोरीतला आहे, पंचांगातला नाही.

पेठेतली_मीरा (पुणे)

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. आईला (गुडघ्यांचं दुखणं आहे) कृष्णाकाठ दाखवायचाय. फार पायऱ्या नकोत. दोन दिवसांत काय होईल?

येरळाकाठ (पलूस)

ताई, पावसाळा सोडून या. पहिल्या दिवशी वाई, गणपती घाटावर देऊळ आणि पाणी शेजारीच, आईंना लांब उतरावं लागत न्हाई. तिथनं माहुली, रात्री कराड मुक्काम, प्रीतिसंगमावर बागेत बसायची सोय हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी औदुंबर, दुपारी सांगलीचा गणपती, संध्याकाळी हरिपूर. कृष्णा-वारणा संगम, संगमेश्वराचं देऊळ. हरिपुरात हळदीची जुनी पेवं होती, जमिनीखाली. पुरानं बरीच गेली, तरी कुणाला विचारलं तर जागा दाखवत्यात. श्रावणी सोमवार तेवढा टाळा, पाय ठेवायला जागा नसती.

वाडीला जाणार असाल तर तिसरा दिवस काढा. धावतपळत वाडी करू नये.

वाडीचा_पेढा (कुरुंदवाड)

+१. आणि घाटावर उतरायच्या आधी दुकानात विचारा पाणी किती आहे ते. पेढे नाही घेतले तरी सांगतात. कवठाची बर्फी मात्र घ्या.